दोन खर्व आणि एक कटिंग

आजोबा पाटीवर 'एकं दहं शतं' म्हणून घेत, तेव्हा कोटीपर्यंत माझा आवाज खणखणीत असे. अब्ज आला की तो खाली यायचा, आणि पुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध ही गाडी नुसती घोकंपट्टीच्या उतारावरून घरंगळत जायची. एवढ्या मोठ्या संख्यांचे करायचे काय, हे ना मला ठाऊक होते, ना आजोबांना. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त ही नावे ओळीने मांडून ठेवली. त्यांचे ठीक होते, त्यांना आकाश मोजायचे होते. बाजारात कुणी खर्वाने हिशेब केल्याचे ऐकिवात नव्हते.

ऑगस्ट २०२५मध्ये खर्वाला गिऱ्हाईक मिळाले. त्या एका महिन्यात देशात यूपीआयवरून २,००१ कोटी व्यवहार झाले. खर्व म्हणजे हजार कोटी. तेव्हा हे झाले दोन खर्व, वर एक कोटी. त्यातून या खात्यातून त्या खात्यात गेलेली रक्कम २४ लाख ८५ हजार कोटी रुपये, म्हणजे अडीच शंकूंना जराशी कमी. आजोबांचे पाठांतर वाया गेले नाही म्हणायचे.

हा हिशेब मी केला तो आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर, कटिंग थंड होऊ देत. टपरीवाल्याच्या बरण्यांशेजारी ती निळी-पांढरी डबी बसलेली असते आणि दर तीन मिनिटांनी सरकारी गंभीरपणाने सांगते, "दहा रुपये प्राप्त झाले." २,००१ कोटींना ३१ दिवसांनी भागले की रोजचे साडेचौसष्ट कोटी येतात. त्याला पुन्हा दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की दर सेकंदाला सुमारे साडेसात हजार, रात्रीचे तीन आणि भर दुपारचे जेवण धरून. डबीला ते एक वाक्य म्हणायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात देशात आणखी पंधरा हजार जणांनी पंधरा हजार जणांना पैसे दिलेले असतात.

मोठे आकडे बघून आपण तोंडात बोट घालतो ते गुणाकारापायी. इतक्या नोटा एकावर एक रचल्या तर चंद्रापर्यंत जातील, वगैरे. चंद्रावर जाऊन नोटांचे करायचे काय, हे कुणी सांगत नाही. मला भागाकार आवडतो. कुठल्याही अगडबंब आकड्याला नीट भागत गेले की शेवटी त्यातून एक माणूस बाहेर पडतो, आणि त्याच्या हातात नक्की काय पडले ते दिसते. फोनने धंदा बदलला, फोनने नोकऱ्या बदलल्या असे आपण म्हणतो ते खरेच आहे. किती बदलल्या आणि कुणाच्या पदरात किती आले, हे मात्र भागून बघावे लागते.

आधी वेग बघू. रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना ११ एप्रिल २०१६ला मुंबईत यूपीआयचा नारळ फुटला. बँकांची अॅप लोकांच्या हाती आली ऑगस्टच्या अखेरीस. त्या पहिल्या महिन्यात २१ बँका मिळून व्यवहार झाले सुमारे ९० हजार, रक्कम तीन कोटींच्या आसपास. नऊ वर्षांनी तेवढ्या व्यवहारांना बारा सेकंद पुरतात. तुम्ही खिशातून फोन काढून, चौकट जुळवून, आकडे टाकून पिन दाबेपर्यंत २०१६चा तो ऑगस्ट एकदा होऊन जातो.

हे झाले कसे, याची गोष्ट नोटबंदीपासून सुरू करायची आपल्याला सवय आहे. नोटबंदीने धक्का दिला, पण धक्का दिल्यावर गाडी चालायला खाली रस्ता लागतो. ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला, तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत जायचा आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. लोक मिस्ड कॉल देत ते काही हौस म्हणून नव्हे. २०१४मध्येसुद्धा एक जीबी डेटाला सरासरी २६९ रुपये पडत. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले, १७० दिवसांत त्याने दहा कोटी ग्राहक गोळा केले (भागा: सेकंदाला जवळजवळ सात), आणि २०१८पर्यंत जीबीचा सरासरी दर बारा रुपयांच्या आत आला. मार्च २०१४मध्ये भारतीय डेटा-ग्राहक महिन्याला सरासरी ६२ एमबी डेटा वापरी. दहा वर्षांनी तो २१ जीबीच्या वर गेला. साडेतीनशे पट. दुधाचा, डाळीचा किंवा एसटीच्या तिकिटाचा दर असा कोसळलेला आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही, म्हणून याची कल्पनाही नीट येत नाही.

पण माझ्या मते खरी करामत त्या चौकोनी ठिपक्यांच्या कागदाची. क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली निघाला, मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद सोपी व्हावी म्हणून. डेन्सो वेव्ह या कंपनीतले मासाहिरो हारा 'गो' नावाचा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळत आणि पटावरची मांडणी बघून त्यांना ती कल्पना सुचली. कंपनीने पेटंट घेतले, पण हक्क गाजवला नाही. ज्याला हवा त्याने वापरावा. तो कोड पंचवीसेक वर्षांनी आपल्याकडे भाजीच्या हातगाडीवर, रिक्षाच्या काचेवर आणि देवळातल्या दानपेटीवर येऊन बसला. कार्डाचे यंत्र घ्यायचे तर चालू खाते, कागदपत्रे, यंत्राचे भाडे, वीज, आणि वर प्रत्येक व्यवहारामागे कापून जाणारी टक्केवारी. कागदाला यातले काही लागत नाही. पावसात भिजला तर दुसरा चिकटवता येतो. जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराकडून टक्केवारी घ्यायचीच नाही, असे सरकारने ठरवले आणि दहा रुपयांचा चहासुद्धा फोनवर विकणे परवडू लागले.

मग अॅपवाल्या कंपन्या खातात काय? ती डबी. गर्दीच्या वेळी लोक जुनाच स्क्रीनशॉट नाचवून "दिले, दिले" म्हणत सटकायचे, आणि एका हातात गाळणी असलेला माणूस दुसऱ्या हाताने फोन उघडून बघणार कसा? म्हणून डबी बोलू लागली. तिला स्वतःचे सिम असते आणि महिन्याचे भाडे शंभराच्या आगेमागे. एकट्या पेटीएमने अशा डब्या आणि कार्डाची यंत्रे मिळून एक कोटीच्या वर नग २०२३ संपेपर्यंत बसवले होते. सगळ्यांनी पूर्ण भाडे भरले असे धरले, तर महिन्याला शंभर कोटींच्या घरात. पैसे देणे फुकट, पैसे मिळाल्याचे कळणे विकत. या शतकातल्या धंद्याची अख्खी शिकवणी त्या एका डबीत आहे.

डबी आणखी एक काम करते, ते सुरुवातीला कुणाच्या लक्षात आले नाही. ती मोजते. हातावर पोट असणाऱ्यांचा धंदा आपल्याकडे कधी मोजला गेला नव्हता. गल्ला म्हणजे गोणपाटाखालची नोटांची चळत, संध्याकाळी मोजली तर मोजली. जुलै २०२५मध्ये कर्नाटकातल्या हावेरीच्या एका भाजीवाल्याला जीएसटीची २९ लाखांची नोटीस आली. कारण चार वर्षांत त्याच्या खात्यात यूपीआयने १ कोटी ६३ लाख रुपये आले होते. कोटी ऐकले की डोळ्यांपुढे बंगला येतो. आता भागा. वर्षाला पावणेएक्केचाळीस लाख, दिवसाला अकरा हजार दीडशे. त्यातून शेतकऱ्याचे पैसे, हमाली, टेम्पो, आणि संध्याकाळी सुकलेली कोथिंबीर वजा करा. मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला चाळीस लाखांची. म्हणजे सरासरीने हा माणूस तिच्यावर गेला तो दिवसाला दोनशे रुपयांनी. त्यातही ताज्या भाजीला जीएसटी नाहीच. त्या आठवड्यात बंगळुरूच्या कित्येक दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना सांगावे लागले की नोंदणी करा, जुने वसूल करणार नाही. गुणाकार करणारे खाते आणि भागाकार करणारा भाजीवाला समोरासमोर आले की असे होते.

मोठ्या आकड्यांनी डोके जड झाले असेल तर दोन लहान आकडे सांगतो. माझ्या लेखी सगळ्या खर्व-निखर्वांपेक्षा ते मोठे आहेत. अकरा आणि सत्तावीस. १४ जानेवारी १९९७ला केरळच्या किनाऱ्यावर वडकराला (तेव्हाचे बडगरा) अकरा मच्छीमारांना आपले मासे फेकून द्यावे लागले, कारण तिथे घेणारा उरला नव्हता. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या बाजारांत सत्तावीस गिऱ्हाईक रिकाम्या टोपल्या घेऊन उभे होते. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या किनाऱ्याचा पाच वर्षांचा हिशेब ठेवला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. त्याच पाच वर्षांत तिथे मोबाइल आला. होड्या समुद्रातूनच फोन लावून कुठल्या बंदराला लागायचे ते ठरवू लागल्या. मासे फेकणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला, आणि खाणाऱ्याला मासा चार टक्क्यांनी स्वस्त मिळाला. फोन साधे होते, पडद्यावर नुसते आकडे दिसत. विकणारा आणि घेणारा दोघेही खूश, आणि मध्ये कुणी मेला नाही, असा बदल अर्थशास्त्रात क्वचित सापडतो. त्यानंतरच्या फोनांनी जे केले ते याहून अफाट आहे, पण इतके स्वच्छ नाही.

व्हॉट्सअॅपच बघा. २०१४च्या फेब्रुवारीत फेसबुकने ते १,९०० कोटी डॉलरना विकत घेतले, तेव्हा त्याचे वापरकर्ते ४५ कोटी होते आणि कर्मचारी ५५. एका कर्मचाऱ्यामागे ८० लाखांच्या वर माणसे. आपली एसटी दिवसाला ५५ लाखांच्या आसपास प्रवासी वाहते आणि त्यासाठी ऐंशी-नव्वद हजार माणसे राबतात. तिकडे एकेक जण आख्ख्या एसटीहून जास्त लोक सांभाळत होता, तोही टायर न बदलता. संस्थापकांपैकी ब्रायन अॅक्टन २००९मध्ये याच फेसबुककडे नोकरी मागायला गेला होता. त्यांनी नाही म्हटले, ते त्याने ट्विटरवर जाहीरही केले. दुसरा, यान कूम, युक्रेनमधून आलेला, लहानपणी आईबरोबर सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहिलेला. विक्रीच्या कागदांवर त्याने सही केली ती त्याच कचेरीच्या दारात. नोकरी नाकारल्याची इतकी महाग किंमत मनुष्यबळ खात्याने कधी मोजली नसेल.

२०२० साली व्हॉट्सअॅपवरून रोज शंभर अब्ज संदेश जात होते. शंभर अब्ज म्हणजे बरोबर एक निखर्व. सेकंदाला साडेअकरा लाख. यातले सुप्रभात किती, हे कुणी मोजलेले नाही आणि न मोजलेलेच बरे. पण त्याच निखर्वात आमच्या इमारतीतल्या एका काकूंचे दोनचारशे संदेश असतात. त्या दिवाळीचा फराळ करतात. चकल्यांचा फोटो स्टेटसला लावला की दसऱ्यापासून मागण्या सुरू होतात, आणि डब्यातला काही माल कुरिअरने न्यू जर्सीपर्यंत जातो. दुकान नाही, पाटी नाही, गाळ्याचे डिपॉझिट नाही. मी त्यांना निखर्वाचे सांगितले, तर त्यांनी वेगळाच आकडा सांगितला. २५६. व्हॉट्सअॅपच्या एका प्रसारण यादीत तेवढीच नावे मावतात, आणि ज्याने काकूंचा नंबर जपून ठेवला नसेल त्याला तो संदेश पोचतही नाही. "जग कितीही मोठं असू दे," काकू म्हणाल्या, "माझी भाजणी ओळखणारी माणसं तेवढीच आहेत. त्याहून जास्त ऑर्डरी आल्या तर तळणार कोण?" कढई एकच आहे. फोनने गिऱ्हाईक आणून दिले, हात दोनचे चार करून दिले नाहीत.

कढई लागत नाही असा धंदा म्हणजे व्हिडिओचा, आणि तिथला भागाकार फार निर्दय आहे. यूट्यूबवर दर मिनिटाला पाचशे तासांहून जास्त चित्रफीत चढते. एका दिवसात चढलेले सगळे बघायचे ठरवले, न झोपता, न जेवता, तर ८२ वर्षे लागतील. एक हजार पौर्णिमा व्हायला जवळजवळ एक्क्याऐंशी. म्हणजे सोमवारचे व्हिडिओ बघायला जन्मापासून बसावे, तर सहस्रचंद्रदर्शन आटोपल्यावर मंगळवारच्यांकडे वळता येईल.

मे २०२५मध्ये मुंबईत 'वेव्ह्ज' परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी भारताचे आकडे सांगितले. वर्षभरात दहा कोटींहून जास्त भारतीय चॅनेलांनी काही ना काही चढवले. त्यातल्या पंधरा हजारांहून जास्त चॅनेलांचे सदस्य दहा लाखांपलीकडे गेले. भारतात बनलेले व्हिडिओ परदेशांत वर्षभरात ४,५०० कोटी तास पाहिले गेले. साडेचार खर्व तास, म्हणजे एक्कावन्न लाख वर्षे. माणूस दोन पायांवर चालायला लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हापासून आजपर्यंत. आणि तीन वर्षांत भारतातल्या निर्मात्यांना, कलावंतांना आणि माध्यम कंपन्यांना मिळून २१ हजार कोटी रुपये वाटले. सभागृहात टाळ्या पडल्या असणार. पडाव्यातच.

आता खिशातला फोन काढा. २१ हजार कोटी भागिले तीन वर्षे, सात हजार कोटी. भागिले दहा कोटी चॅनेल. एका चॅनेलला वर्षाला सातशे रुपये. महिन्याला अठ्ठावन्न. दिवसाला एक रुपया नव्वद पैसे. त्यात कटिंग येत नाही.

सरासरी फसवी असते, मान्य. यातले कित्येक कोटी चॅनेल पुतणीच्या वाढदिवसाचे आणि गच्चीवरच्या मांजराचे असणार, त्यांना पैसे नकोच आहेत. पण ज्यांना हवे आहेत त्यांना आधी हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास बघितले जाणे (किंवा तीन महिन्यांत एक कोटी छोट्या व्हिडिओंची दर्शने) एवढा उंबरा ओलांडावा लागतो, तेव्हा कुठे जाहिरातीतला वाटा सुरू होतो. आणि दहा लाखांचा टप्पा? दहा कोटींत पंधरा हजार म्हणजे साडेसहा हजारांत एक. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत जी मुले रात्री बारापर्यंत बसतात, त्यांना आपण वेडी ठरवतो. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले आणि निवड झाली १,००९ जणांची. हजारात एक. शक्यताच मोजायची तर यूट्यूबर होतो म्हणणाऱ्या मुलापेक्षा सरकारी अधिकारी होतो म्हणणारा मुलगा सहापटींहून अधिक व्यवहारी आहे. हे मी एका पालकांना सांगितले, ते माझ्याशी नीट बोलेनासे झालेत.

तरीही माझा कल त्या पोरांकडेच जातो, हेही सांगून टाकतो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या आजींचे 'आपली आजी' हे चॅनेल टाळेबंदीत सुरू झाले आणि लाखो घरांत पोचले. कुठल्याही मुलाखतीच्या टेबलाने त्या आजींना वय, शिक्षण आणि अनुभव विचारून दारातूनच परत पाठवले असते. परीक्षेची खिडकी ठरावीक वयाला बंद होते, या खिडकीला झडप नाही. रस्त्यावर गाळा सर्वांना फुकट मिळाला, हे निर्विवाद. फक्त रस्ता दहा कोटी गाळ्यांचा झाला, आणि गिऱ्हाइकाला डोळे दोनच.

नोकरीच्या अर्जांचेही तेच. एकेकाळी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात अर्ज, गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती, त्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या घरी दोन खेपा, वर पोस्टाची तिकिटे. एका अर्जामागे आठवडा जाई, म्हणून माणूस विचार करून पाच-सहाच धाडी. २०२५च्या मध्याला लिंक्डइनवर जगभरातून मिनिटाला ११ हजार अर्ज येत होते, दिवसाला दीड कोटीच्या वर, आणि वर्षभरात पंचेचाळीस टक्के वाढ. बरेचसे अर्ज यंत्र लिहिते, पलीकडे बरेचसे यंत्रच वाचते. दोन यंत्रांचा हा पत्रव्यवहार चालू असताना मूळ उमेदवार बहुधा टपरीवर असतो.

तिथेच त्याला दुसरी नोकरीही दिसते, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात अशी 'गिग' कामे करणाऱ्यांची संख्या २०२०-२१साठी ७७ लाख धरली आहे आणि २०२९-३०मध्ये ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. बीडच्या ऊसतोडीत मुकादम असतो. तो टोळी जमवतो, कामाला लावतो, आणि हंगामाआधी उचल देतो. फोन हा या नव्या टोळीचा मुकादम. तो चेहरा दाखवत नाही, त्याच्याशी भांडता येत नाही, आणि उचलही देत नाही. गाडी, पेट्रोल आणि खुद्द मुकादम, म्हणजे फोन, मजुराने आपल्याच पैशाने घ्यायचा.

चहा पुरता थंड झाला. टपरीवाला मघापासून माझी आकडेमोड तिरप्या नजरेने बघत होता. त्याने आपल्या फोनवरची कालची यादी उघडून माझ्यापुढे धरली: ३१२ व्यवहार. "हे काढा की," म्हणाला. मी साडेसात हजारांना ३१२ने भागले. म्हटले, "पहाटे पाचला स्टोव्ह पेटवल्यापासून रात्री दहाला फळी पाडेपर्यंतचा तुमचा सगळा दिवस म्हणजे देशाच्या हिशेबात एका सेकंदाचा चोविसावा भाग."

त्याने पातेल्यात चमचा फिरवत थोडा वेळ विचार केला.

"एका सेकंदाचा?"

"हो."

"आणि उरलेले तेवीस भाग कुणाकडे जातात?" असे विचारून तो शेजारच्या वडापाववाल्याकडे बघू लागला.